बावीस टाके

तीर्थस्वरूप ताईंस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, हातातला रंधा खाली ठेवून, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (डावाच ना? जिना चढताना तुम्ही आधी उजवा पाय टाकत होता, म्हणजे डावाच.) साडूसाहेबांचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. आमचं घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे माझा कारखाना. एका खोलीत शिंकलं तर दुसरीतून चौकशी होते. शिवाय फोनवर तुम्ही मध्येच बोलता. पत्रात ती सोय नाही.

आधी एक कबुली. हिच्या छातीच्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी "आता मी आहे, तुम्ही निघा" असं मी म्हणालो, ते जरा फटकन म्हणालो. तुमची बॅगही मी उचलून गाडीत ठेवली, तुमचा चहा संपायच्या आत. पण ताई, ज्या माणसाने कुणाच्या हाताखाली एक दिवस न शिकता, नुसतं दुसऱ्यांचं काम बघून सुतारकाम उचललं, आणि ज्याने बनवलेला एक ड्रॉवर आजवर अडकला नाही, त्याला स्वतःची बायको सांभाळता येणार नाही असं कुणी म्हटलं तर लागतं. तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. तुमचा चेहरा म्हणाला होता.

आता मी काय काय केलं ते ऐका. जखमेतून निघालेली ती नळी आणि तिची बाटली तुम्ही पाहिलीच आहे. दिवसाला तीस मिलिलिटरच्या खाली, असं सलग दोन दिवस आलं की नळी निघणार. डॉक्टर म्हणाले, अंदाजे मोजा. अंदाजे! (अंदाजे पोट कापतात का हे लोक? की छाती?) मी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, बाटलीतलं पाणी मापाच्या ग्लासात ओतून, तो सपाट फळीवर ठेवून, डोळा पातळीला आणून मोजलं, आणि आकड्यांचा आलेख एका प्लायच्या तुकड्यावर काढला. चौदाव्या दिवशी नळी काढायला गेलो तेव्हा तो प्लाय काखोटीला मारून नेला. नर्सबाई म्हणाल्या, पेशंटचे कागद लाकडावर आणणारे तुम्ही पहिलेच. मला ते कौतुक वाटलं. ते कौतुक नव्हतं असं हिने परतताना समजावून सांगितलं.

मग फळ्या. तुमच्या बहिणीचा ऑपरेशनच्या बाजूचा हात खांद्याच्या वर जाईना. डबा काढताना ती ओठ चावायची, आणि मी दारात उभा राहून ते बघायचो. एके दिवशी तिला शेजारच्या शिंपीणबाईंकडे बसायला पाठवलं आणि घरातल्या अकरा फळ्या, तीन खुंट्या आणि एक घड्याळ बरोबर चौदा इंच खाली आणलं. एक फळी अर्ध्या दोऱ्यानेही तिरकी नाही. संध्याकाळी ती आली, उभी राहून सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे घर बसलंय का?" मी म्हटलं, तुझ्यासाठी बसलंय. ती हसली नाही, पण माझा हात दाबला. पुढच्या आठवड्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, घरी हात वर न्यावा लागतो का? मी छाती फुगवून म्हणालो, एकदाही नाही, तसा बंदोबस्त केलाय. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अहो, हात रोज थोडा थोडा वर गेला तरच सुटणार आहे. तुम्ही त्याला पेन्शनीत काढलंत!" आता मी भिंतीवर खाचांच्या पट्ट्या ठोकल्यात, आणि दर दोन दिवसांनी अकराही फळ्या एकेक इंच वर चढवतो. काल मीठ सापडत नव्हतं.

इथवरचं सगळं तुम्ही कुणालाही वाचून दाखवा. पुढचं फक्त तुमच्यासाठी.

नळी निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की जागा रोज बघायची. लाली, सूज, काही वेगळं दिसतंय का. काखेकडची बाजू तिला स्वतःला दिसत नाही, तेव्हा घरच्या माणसाने बघावं. घरचा माणूस मी. पहिल्या दिवशी ती खुर्चीत बसली, बटणं काढली, मी टॉर्च धरला आणि तिच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघितलं. म्हटलं, उत्तम. दुसऱ्या दिवशी उत्तम. असे चार दिवस उत्तम. (त्या भिंतीचा रंग खरोखर उत्तम आहे.) पाचव्या दिवशी तिने सहज विचारलं, "किती टाके आहेत हो?" आणि मी, माझी जीभ झडो, क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, बावीस.

ताई, वर एकही टाका नाही. त्यांनी आतून शिवलंय, वर नुसत्या कागदी चिकटपट्ट्या होत्या. हे तिला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही दोघींनी ते दवाखान्यातच पाहिलं होतं.

तिने बटणं लावली. तेव्हापासून ती माझ्याशी सभ्यपणे वागते. पाणी दिलं तर "थँक्यू" म्हणते. एकवीस वर्षांत या बाईने मला "कुठे उलथला होतात" याखेरीज काही विचारलं नाही, तिच्या तोंडी थँक्यू! आणि झोपताना पाठ करून. तिला वाटतंय मला ते बघवत नाही, किळस येते. तसं नाही हो. मोडलेली वस्तू दिसली की माझा हात आपोआप हत्यारांकडे जातो. इथे मला करण्यासारखं काहीच नाही, नुसतं बघायचंय, आणि ते मला कधी शिकायला मिळालं नाही. आणि बघताना माझा चेहरा काही भलतंच बोलला तर? चेहऱ्याला पॉलिश पेपर लागत नाही.

असो. बाकी सर्व क्षेम. तुम्ही मुळीच काळजी करू नये, येण्याचीही तसदी घेऊ नये.

तुमचा,
धाकटीचा नवरा

ता. क. गुडघ्याला त्रास नसेल तर सकाळची गाडी बरी पडते. स्टेशनवर मी येईन.

ता. क. २. ताई, या. तुम्ही पुढे बसा, मी तुमच्या मागे उभा राहून बघेन. एकदा जमलं की बॅग भरायला मी सांगणार नाही. चहाही संपवू देईन.

ता. क. ३. पत्र दोन दिवस टाकायचं राहिलं. आज सकाळी तिने आतून हाक मारली. शेवटची पट्टी अर्धी सुटून कपड्यात अडकली होती, तिचा हात पोचेना. म्हणाली, "या. पण डोळे उघडे ठेवून या." पट्टी ओली करून सोडवली. मग बघितलं. ती जखम बघत नव्हती, माझं तोंड बघत होती. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: "काखेकडे रेघ थोडी वर गेलीय." बोललो आणि वाटलं, संपलं. तुमची बहीण माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. दुसऱ्या हाताने बाजू धरून हसली, आणि हसता हसता जे रडू आलं ते बराच वेळ चाललं. मीही होतो त्यात. शेवटी नाक पुसून म्हणाली, "आता खरं बघितलंत. टेप आणा, किती वर गेलीय ते तरी सांगा."

मोजलं. आकडा मात्र तुम्हाला कळवणार नाही.