बोटावरचं लिंबू

आई, गेल्या आठवड्यात मला नखुरडं झालं. मधलंच बोट, तुझं उजव्या हाताचं होतं, माझं डाव्या हाताचं. नखाची कड लाल आणि ठणका कोपरापर्यंत. म्हणून तुला लिहितेय, नाहीतर इतक्या वर्षांत तुझ्याशी काय बोलावं ते मला सुचलेलं नाही.

तुझं बोट सुजलं तेव्हा तू कासारसाईच्या घरात चुलीपुढे बसून, ते एक बोट वर धरून भाकऱ्या थापत होतीस. मागच्या खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी पोरं भाड्यानं राहायची, त्यांचे डबे चुकवून चालायचं नाही. "नखुरडं हाय, लिंबू आण," म्हणालीस. मी लिंबाला भोक पाडून तुझ्या बोटावर टोपीसारखं बसवलं. ते सुकलं की दुसरं. शेजारणी पदरातून लिंबं आणून द्यायच्या. सूज हटेना, आणि तू खोकायचीस ते आम्ही सगळ्यांनी चुलीच्या धुरावर ढकललं.

पुण्याच्या डॉक्टरांनी बोटाचा फोटो काढला. टोकाचं हाड जवळजवळ उरलंच नव्हतं. मग छातीचा काढला. "कॅन्सर फुफ्फुसातला आहे," ते म्हणाले, "बोटात असा क्वचितच उतरतो." तू आयुष्यात मिसरीसुद्धा लावली नव्हतीस. तू त्यांनाच विचारलंस, "छातीत जागा कमी पडली व्हय त्याला? एवढ्या लांब कशाला आला?" डॉक्टर हसले, मीही हसले. घरी आल्यावर तू नवं लिंबू मागितलंस.

"आता कशाला, आई?"

"गार वाटतं गं. तू लावतीस तवा बरं वाटतं."

मग मी शेवटपर्यंत लावत राहिले. तू गेलीस तेव्हा बायका माझ्या रडण्याची वाट बघत होत्या, आणि मी टोपलीत उरलेल्या लिंबांचं काय करायचं याचा विचार करत होते. रडू तेव्हा आलं नाही, नंतरही नाही.

परवा मी बोटाचा फोटो काढून घेतला, हट्टानं छातीचाही. दोन्ही स्वच्छ. "साधं नखुरडं आहे, किती घाबरलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घाबरले नव्हते, आई. मला काहीच वाटत नव्हतं.

गोळ्यांनी ठणका गेला, सूज उतरली. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, म्हणून सांगते. बोट बरं झालंय, तरी आज सकाळी मी लिंबू आणलं, भोक पाडलं आणि बोटावर बसवलं. आपलं आपण लावलेलं नीट बसत नाही.