वेग चुकला असेल, कान नाही चुकले

ग्लासगो,
बुधवार, दुपार

प्रिय एफीताईस,

धाकट्या ड्युगलचा नमस्कार. मी खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं कसं आहे ते पुढे येईलच. तुझा खोकला कमी झाला का? लॅकलनभावोजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं, टायरी बेटाच्या वाऱ्यात छपरावर चढून पत्रे ठोकायचं वय आता गेलं. पत्रा उडाला तर उडू दे, भावोजी उडाले तर दुसरे मिळायचे नाहीत.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. चार पानांपैकी साडेतीन पानं शिव्या आणि उरलेल्या अर्ध्या पानात हवामान. तू लिहितेस की देवळात मंडळी तुला विचारतात, "तुमचाच ना तो भाऊ?" आणि तुला खाली बघावं लागतं. तू लिहितेस की दोन ओळींची माफी छापून टाक आणि मोकळा हो, त्यात तुझं काय जातंय. ताई, काय जातंय तेच सांगायला बसलोय. तुझ्याकडे बातमी बोटीने येते आणि वाटेत प्रत्येक जण तिला थोडं मीठमसाला लावतो, म्हणून पहिल्यापासून ऐक.

सव्वीस वर्षं मी आमच्या साप्ताहिकात नव्या रेकॉर्डींवर लिहितो. (दिवसभर पोहण्याच्या तलावावर लोकांना पळू नका, पळू नका म्हणून ओरडतो, तो पोटाचा धंदा. हा जिवाचा.) माझ्या सगळ्या रेकॉर्डी इंडी जातीच्या. म्हणजे चार पोरं, उसन्या गिटारी, कुणाच्या तरी मावशीच्या गॅरेजातलं रेकॉर्डिंग, आणि मोठ्या कंपनीचा फोन आला तरी घ्यायचा नाही अशी शपथ. (फोन येत नाही, ही गोष्ट वेगळी.) तू या संगीताला भांडी पडल्याचा आवाज म्हणतेस. पण भांडी कशी पडतात यातही फरक असतो, आणि तो फरक सांगणं हे माझं काम. सव्वीस वर्षांत मी कुणालाही पाच तारे दिले नव्हते. लोक मला रस्त्यात अडवून विचारायचे, "मॅकेंड्रिक, तुला आवडतं तरी काय?" मी म्हणायचो, वाट बघतोय.

गेल्या महिन्यात टिन अंब्रेला नावाच्या, आमच्याच पार्टिक भागातल्या बँडचा पहिला अल्बम आला, 'सोमवारी बंद'. लंडनच्या पेपरांनी त्याची पार साल काढली होती. उथळ, घाईघाईची, लिफ्ट येण्याआधी संपणारी गाणी, पाचपैकी दोन तारे. मी रेकॉर्ड ऐकण्याआधी दुसऱ्यांचं परीक्षण वाचत नाही. (वाचतो. पण शेवटचा परिच्छेद सोडून.) मी रेकॉर्ड लावली, खुर्चीत बसलो, आणि ताई, माझ्या हातातला चहा गार झाला. लंडनवाले बहिरे होते काय? कसली घाई? गाणं असं चालत होतं जसा एखादा माणूस वाईट बातमी घेऊन चार जिने चढतो. ड्रम म्हणजे कुणी कोळशाची पोती एकेक करून खाली ठेवतंय. आणि आवाज! खोल, जड, आयुष्याने धुऊन पिळून वाळत घातलेला. तिसरं गाणं जिन्यातल्या दिव्याचं होतं. बाप दर हिवाळ्यात जिन्यातला गेलेला दिवा बदलायचा, आता तो नाही, आणि शेजारी अंधारात चाचपडत चढतात, एवढंच. मी रडलो. आईच्या अंत्यविधीला ज्याने पाद्रीबुवांच्या उच्चारांच्या चुका मोजल्या, तो मी, स्वयंपाकघरात उभा राहून रडलो.

मग लिहिलं. गायक पन्नाशी ओलांडलेला असावा, दोनदा तरी संसार मोडलेला, तरुणपणी गोदीत काम केलेला, असं मी लिहिलं. अशा माणसाला पहिला अल्बम काढायला इतका उशीर का लागू दिला, म्हणून स्कॉटलंडला लाज वाटली पाहिजे, असंही लिहिलं. पाचपैकी पाच तारे.

रॅबने (माझ्या वर्गातला, रेकॉर्डींचं दुकान असलेला रॅब, तू त्याला एकदा चिखलात ढकललं होतंस) ते परीक्षण दुकानाच्या काचेवर लावलं. मॅकेंड्रिकने पाच तारे दिले म्हटल्यावर रांग लागली, आणि पुढच्या आठवड्यात तीच रांग रेकॉर्डी परत करायला लागली. रिटायर झालेले बस ड्रायव्हर, विधुर, एक न्यायाधीश, सगळे विचारत होते, "यात तो म्हातारा कुठाय? इथे तर कुणी पोरगी उंदरामागे मांजर लागल्यासारखी ओरडतेय." रॅब बुचकळ्यात पडला आणि सॉसेजचे पाव घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला म्हटलं, बस, ऐक, आणि मग बोल. तो ऐकत बसला. मग उठला. यंत्राजवळ वाकला. आणि मग स्टुलावर बसून इतका हसला की मला खिडकी उघडावी लागली.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "ही पंचेचाळीसची आहे. तू तेहतीसवर लावलीयस!"

(तुझ्यासाठी: हे मिनिटाला किती फेऱ्या त्याचे आकडे, मोठी तबकडी सहसा तेहतीसवर सावकाश फिरते, छोटी पंचेचाळीसवर.) मी म्हटलं, एवढी मोठी तबकडी पंचेचाळीसची कशी असेल? तर म्हणे गाणी थोडी होती, आवाज चांगला यावा म्हणून तसं केलं, आणि लेबलवर छापलंय. छापलं होतं खरं. मुंगीलाही चष्मा लागेल इतक्या अक्षरात. बावीस मिनिटांचा अल्बम माझ्याकडे तीस मिनिटं चालला होता, आणि ती आठ मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वात उत्तम होती.

रॅबच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत पार्टिकभर झालं, दुसऱ्या दिवशी तलावावर पोरं माझ्यासमोर हळू हळू पोहायला लागली. आमच्या संपादिका मिसेस गिलफिलन यांनी बोलावून सांगितलं की दोन अंकांच्या आत दुरुस्ती आणि दिलगिरी, नाहीतर सदर बागकामावर लिहिणाऱ्या पेट्रीसाहेबांकडे जाईल. मी म्हटलं, दिलगिरी कशाची? मी खोटं लिहिलं का? जे कानावर आलं ते लिहिलं, डोळ्यांत आलं ते लिहिलं. त्या म्हणाल्या, "ड्युगल, गायक बावीस वर्षांची मुलगी आहे." मी म्हटलं, तो तिचा प्रश्न.

रविवारी जेवण होतंय न होतंय तोच दारावर धाडधाड. उघडतो तर एक एवढीशी पोरगी, बाहीवर बेकरीतलं पीठ, आणि मागे दुसरी, दारात न मावणारी. पहिली व्हारी मॅकफेल, गाणारी. दुसरी शोना, ड्रमवाली.

"पन्नाशीचा बाप्या कुठाय?" व्हारीने विचारलं. "त्याला भेटायला आलेय."

मी म्हटलं, आत या.

"आत कशाला? माझी आजी तुमचं कात्रण पर्समध्ये घेऊन फिरते. बसमध्ये वाचून दाखवते. माझे दोन संसार मोडले म्हणून परवा शेजारणीने सूप पाठवलं!"

"आणि मी कोळशाची पोती टाकते होय?" शोना म्हणाली.

"फार छान टाकता," मी म्हटलं, आणि ते मनापासून होतं, पण तिला ते तसं वाटलं नाही.

ऐकल्याशिवाय शिव्या द्यायच्या नाहीत, हा माझ्या घरातला नियम आहे, असं मी त्यांना सांगितलं. (नियम त्या क्षणीच केला.) दोघी बसल्या, मी रेकॉर्ड लावली, तेहतीसवर. पहिल्या गाण्याला हसून हसून शोनाच्या नाकातून चहा आला. दुसऱ्यालाही हसल्या, पण कमी. तिसरं सुरू झालं, तो दिवा, तो जिना, आणि व्हारी हसायची थांबली. शोनाने तिच्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. गाणं संपलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

मग व्हारी म्हणाली, "मी हे असंच लिहिलं होतं. बाबा गेल्यावर, स्वयंपाकघरात बसून. इतकंच हळू."

"मग पळवलं कशाला?" मी विचारलं.

"शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून. हळू म्हटलं तर मला पुरं होत नाही." आणि लगेच भुवया वर करून, "पण म्हणून तुमचं बरोबर होत नाही हां, काका. तुम्ही यंत्राचं बटण बघितलं नाहीत, एवढंच झालं."

मी म्हटलं, बटणाचं मान्य, पण कान माझे आहेत. ती म्हणाली, गाणं माझं आहे. यावर अर्धा तास आम्ही भांडलो. ताई, सव्वीस वर्षांत कुणी माझ्याशी इतकं मन लावून भांडलं नव्हतं. जाताना ती म्हणाली, शनिवारी दुपारी रॅबच्या दुकानात वाजवतोय, हिंमत असेल तर या.

गेलो. दुकानात चाळीस माणसं, आजी पुढच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन. सगळी गाणी त्यांनी आपल्या वेगाने झोडपली, लोकही नाचले. मग शेवटी व्हारी म्हणाली की हे एक हळू म्हणून बघते, मधे थांबले तर टाळ्या वाजवू नका. तू आता म्हणशील, सगळे रडले असतील. छे. दोन माणसं बाहेर सिगारेट ओढायला गेली. शोनाला इतकं सावकाश वाजवायची सवय नाही, ती मागे पडली, मग धावत पुढे आली. व्हारी दुसऱ्या कडव्यात अडकली, पाठ फिरवली, गिटार नुसतीच वाजत राहिली, आणि मग तिने वळून उरलेलं गाणं शेवटपर्यंत म्हटलं. आजी एवढंच म्हणाली, "पंचाहत्तर वॅटचा असायचा तो दिवा." एवढंच.

नंतर व्हारी माझ्याकडे आली. "काय मग?"

आता तूच सांग, त्या क्षणी पाठीवर हात ठेवून छान म्हणायला काय लागतं? कुणीही म्हणालं असतं. मी म्हटलं, "ड्रम मागे पडला. दुसरं कडवं सुटलं. शेवट मात्र खरा होता." तिने मला अशी शिवी दिली की ती टायरीच्या पोस्टमनच्या हातून पाठवता येणार नाही. मग हसली.

मग मी रॅबलाच सांगितलं, आता मला तीच रेकॉर्ड पंचेचाळीसवर ऐकव. एकदाही तसं ऐकलं नव्हतं. ऐकलं. आणि त्यानंतरच्या शुक्रवारच्या अंकात मिसेस गिलफिलनना हवी होती ती दुरुस्ती मी दिली, शब्दशः अशी: "सदर अल्बम पंचेचाळीसच्या वेगाचा आहे. त्या वेगाने तो उथळ व घाईघाईचा असून दोन ताऱ्यांचा आहे. तेहतीसच्या वेगाने तो पाच ताऱ्यांचाच आहे. वाचकांनी ज्याच्या त्याच्या धीराप्रमाणे ठरवावं." दिलगिरीचा शब्द नाही.

परिणाम तुझ्या कानावर आलाच असेल. सदर गेलं. शोनाने फोनवर मला अकरा मिनिटं झाडलं. गेल्या शुक्रवारी पेट्रीसाहेबांनी एका नव्या अल्बमबद्दल लिहिलंय की तो खिडकी उघडी ठेवून लावल्यास गुलाबांना अपाय होण्याचा संभव नाही. चार तारे. व्हारीने फोन केला नाही. काल सकाळी दारात ताज्या पावांची पिशवी होती आणि आत चिठ्ठी: "दोन तारे लक्षात ठेवेन. तिसरं गाणं यापुढे हळूच."

तेव्हा ताई, देवळातल्या मंडळींना सांग, हो, तोच माझा भाऊ. खाली बघू नकोस. मी माफी मागणार नाही. मोडेन पण वाकणार नाही, आणि मोडलोच तर निदान कुठल्या सुरात मोडलो ते तरी नीट लिहीन. भावोजींना नमस्कार, कोंबड्यांना आशीर्वाद.

तुझा,
ड्युगल

ता. क. तुझ्या देवळातलं हार्मोनियम अजून तूच वाजवतेस ना? काल पिशवी परत द्यायला बेकरीत गेलो तेव्हा कळलं, व्हारीला दुसऱ्या अल्बमसाठी तसंच दमेकरी हार्मोनियम आणि ते वाजवणारं माणूस हवंय. मी म्हटलं, माझी बहीण इतकं सावकाश वाजवते की मंडळी दोन ओळींमध्ये झोप काढतात. (हे कौतुक म्हणून सांगितलं.) व्हारी, शोना आणि मी असे तिघे शनिवारच्या बोटीने येतोय. तिकिटं काढून झालीत, तेव्हा नाही म्हणू नकोस. शोनाला दूध चालत नाही आणि पलंग मजबूत लागेल.

ता. क. दोन. हे कुणाला वाचून दाखवू नकोस. काल रॅबने माझं यंत्र उघडलं. तो म्हणतो, बटण फिरतं पण आत काही हलतच नाही, आणि धूळ बघता निदान सहा वर्षं ते तेहतीसवरच अडकलंय. सहा वर्षं मी लिहीत आलोय की नव्या पिढीचा आवाज खोल आणि दुःखी होत चाललाय. अबर्डीनच्या काही मंडळींची छोटी, म्हणजे पंचेचाळीसची, रेकॉर्ड आली होती, तिला मी "बर्फात गोठलेल्या माणसांचं मनोगत" म्हटलं होतं, एक तारा. तीन महिन्यांत ती पोरं फुटली. त्यांच्यातला बास वाजवणारा इनेस पुढे जनावरांचा डॉक्टर झाला, आणि रॅब म्हणतो की तो सध्या तुमच्याच बेटावर असतो. तुझ्या मेंढ्यांना तोच येत असेल. त्याला काही विचारू नकोस, माझं नाव तर अजिबात काढू नकोस. फक्त काम करताना तो काही गुणगुणतो का, तेवढं बघ, आणि शनिवारच्या आत कळव.