मावशी झोपली आहे

७ जुलै १९५३

पुन्हा मेला! पडदा उजळून वीस मिनिटं होत नाहीत तो बाप गेला, आणि लगेच आईला खोकला. महिन्याभरात बघितलेला हा पाचवा बोलपट. आईबाप सुटले की पडद्यावरची पोरं काय करतात? गातात! उंचीप्रमाणे रांग धरून. धाकटं दोन दिवसांचं उपाशी, पण सुरात.

कादंबऱ्यांत उलट. मोठं माणूस दृष्टीआड झालं की पोरं लगेच लांडगे. मधलं काही नाहीच.

पुण्याच्या मासिकाला दिवाळी अंकासाठी यावरच लेख कबूल केलाय. संपादक लिहितात, ‘झणझणीत हवा, शकुनताई.’ चव्वेचाळीस वर्षांची बिनलग्नाची मास्तरीण मुलांवर लिहिणार, म्हणजे दुसरं काय होणार? बहिणीच्या, लीलाच्या, घरात राहते, त्यामुळे वृंदा, विजय, शैला असे तीन नमुने घरातच आहेत.

८ जुलै

लीला आणि तिचे यजमान दिगंबरराव उद्या बराकपूरला. तिचे थोरले दीर श्यामराव, त्यांच्या नातवाचं बारसं. मुलांना नेता येत नाही, घरात गालगुंडांची साथ. विजयचा गाल उतरला, शैलाचा अजून पुरीसारखा.

लीला दहादा म्हणाली, “शकुन, जागची हलू नकोस हं. तुझी लेखणी दोन दिवस राहू दे.”

“मी काय पोर आहे?”

“पोर असतीस तर एवढं सांगावं लागलं नसतं.”

९ जुलै, सकाळ

हातीबागानला सहावा बोलपट आहे. आज शेवटचा दिवस, उद्या शुक्रवारी नवा लागणार. म्हणे यात तर चार पोरं अख्खं घर चालवतात! लेखाचा शेवट त्यातच आहे.

नाही. जायचं नाही. भाडं वाढवल्यापासून ट्रामवर बहिष्कार, रोज कुठे ना कुठे दगडफेक.

९ जुलै, दुपारी एक

शैला झोपली. वृंदा अकरा वर्षांची घोडी आहे. बसने सिनेमाला गेले तर पाचला परत, तसं वृंदाला सांगितलंय. मुलांना नियम पाठच आहे. मी लिहायला बसले आणि कोणी आलं की दार न उघडता आतून सांगायचं: मावशी झोपली आहे.

१० जुलै

लिहून काढते, नाहीतर उद्या मीच यात फेरफार करीन.

खेळ सुटला तेव्हा बाहेर धूर. पोलीस, पळणारे लोक, बस एकही नाही. हातीबागानहून भवानीपूरपर्यंत गल्लीबोळांतून चालत आले. घरी पोचायला पावणेआठ. दार ठोठावलं.

आतून वृंदाचा आवाज, अगदी थंड — “माशी घुमोच्छे.”

(म्हणजे तेच, मावशी झोपली आहे. इथे बंगालीत मावशीला माशी म्हणतात. आज तेच योग्य.)

“वृंदे, अगं मी आहे!”

मग मराठीत — “आमची मावशी आत झोपली आहे. तुम्ही कोण?”

तीनदा नाव सांगितलं तेव्हा कडी निघाली. विजय हातात लाटणं घेऊन दारामागे उभा. शैला कॉटवर, डोळे अर्धे उघडे, अंग तव्यासारखं. कपाळावर माझ्याच पोलक्याची ओली घडी.

“चार वाजता बमी केली,” वृंदा म्हणाली. उलटी हा शब्द तिला मराठीत येत नाही. “मग हातपाय असे असे केले.”

“सुनीतीदींना का नाही बोलावलं?”

सुनीतीदी खालच्या मजल्यावर राहतात. नर्स आहेत!

“त्या आपणहून आल्या होत्या. दोनदा. मी सांगितलं, मावशी झोपली आहे. तूच म्हणतेस ना, नाही उघडायचं?”

धावत खाली गेले. सुनीतीदी बर्फ घेऊन आल्या, डॉक्टरला निरोप धाडला. मग माझ्या चिखलाच्या चपलांकडे बघितलं, आणि बर्फ फोडायला घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहाटे ताप उतरला.

११ जुलै

लीला आली. मी तोंड उघडायच्या आत वृंदा म्हणाली, “मावशी रात्रभर उशाशी बसली होती.” हे खरं.

“दिवसभर पण,” विजय म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. ना देवदूत, ना लांडगे. सरळ आमच्यासारखी! मी विजयचे ते दोन शब्द खोडले नाहीत.

१२ जुलै

जिन्यात सुनीतीदी भेटल्या. “सांगून टाका, शकुनदी. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.”

आज सांगते.

नाही सांगितलं.

१५ जुलै

शैला डाव्या बाजूने हाक मारली की वळत नाही.

डॉक्टर म्हणाले, डावा कान गेला. “गालगुंडांत कधी कधी होतं. लवकर कळून काही उपयोग नसतो.” मला ते ताम्रपटावर कोरून हवं होतं. पण त्या पावणेचार तासांचं त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

लीला मोरीत रडत होती. “पोरीला झटके येत होते आणि मी तिकडे पाळण्याची गाणी म्हणत होते गं! आई आहे का मी?”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. गुरुवारी सिनेमाचं तिकीट धरलेला हाच हात.

१६ जुलै

संपादकांचं पत्र. लेखाची वाट पाहताहेत. फाडलं.

१९ जुलै, रविवार

आतल्या खोलीत मुलं खेळत होती. सवयीने दाराच्या फटीला डोळा लावला. टेबलावरून चादर सोडून घर केलेलं. विजय टेबलाचा पाय ठोकून म्हणाला, “मी सुनीतीदी. दार उघड.” चादरीआडून वृंदा — “मावशी झोपली आहे.” तो गेला. परत आला. परत तेच.

मग शैला आली. माझ्या चपला घालून, फरफटत. “उघडा गं, मी आले! सिनेमा संपला!”

“मावशी आत झोपली आहे. तुम्ही कोण?”

तिघंही खदखदून हसली.

थांबवायला मी दार ढकलणार, तोच मागून मनगट धरलं गेलं. लीला. दुसऱ्या हातात शैलाचा दुधाचा पेला. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“जागची हलू नकोस,” ती म्हणाली. “मला पुढचं ऐकू दे.”