नळी डाव्या कानाला

अप्पा, तुमच्यामागे उरलेल्या तुमच्या गाडीचं इंजिन काल अक्काने पुन्हा उघडलं आणि माझा जुना जळफळाट पुन्हा सुरू झाला. माझे केस पांढरे झाले, माझं बोलणं ऐकायला मैदानं भरतात, आणि मी अजून एका लोखंडी ठोकळ्याचा आणि सख्ख्या बहिणीचा हेवा करतो.

पापनाशम गावच्या एका जमीनदाराच्या नारळीच्या बागेत गंजत पडलेली ती दोन सीटांची परदेशी स्पोर्ट्स कार तुम्ही ओढून आणलीत, आणि मराठी राजांच्या जुन्या राजवाड्यामागच्या आपल्या अंगणाला कायमचा ग्रीसचा वास लागला. मला अजून दिसतं: रविवारची सकाळ आहे. आत आईचं सांबार उकळतंय. तुम्ही इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, लेथवरून पातळ करून आणलंय आणि आता बनियनवर बसून पॉलिश पेपरने त्यातल्या हवेच्या वाटा घासताय, कारण गाडी अजून जोरात पळायला हवी. मी कॉलेजातला वादपटू, उंबऱ्यावर उभा राहून गरजतो, "अप्पा, या रस्त्यांवर माणसं सायकलीवरून भात नेतात. तुम्हाला वेग कुणाच्या पुढे जायला हवाय?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "सरी, बरं. तो बारीक पाना दे." पाना अक्का देते. वेगाचा हव्यास हा माणसाचा सर्वांत पोकळ हव्यास आहे असं मी आजही मानतो. पण त्या दिवशी मला राग आला होता तो पान्यासाठी.

इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारे दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात की नाही हे तुम्ही रबरी नळीने ऐकायचात. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं डाव्या कानाला, डोळे मिटलेले. मग नळी अक्काकडे. "मागचा जास्त ओढतोय, अप्पा." "बरोब्बर!" त्या एका शब्दासाठी मी काय दिलं नसतं! माझं पहिलं मोठं तमिळ भाषण झालं तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत होतात आणि सगळा वेळ तोंड फिरवून दाराकडे बघत होतात. घरी येताना म्हणालात, "चांगलं झालं. पण सगळं दुसऱ्या गिअरमध्ये." अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. मी त्या रात्री जेवलो नाही. पुढची सगळी वर्षं मी व्यासपीठावरून ते फिरवलेलं तोंड सरळ करायला ओरडत राहिलो.

काल हे सगळं अक्काला सुनावलं. तिने हात पुसले आणि म्हणाली, "डेय, वेडा की काय तू? अप्पांचा उजवा कान गेला होता. तू उजवीकडे उभा होतास, म्हणून डावा कान तुझ्याकडे करून बसले होते."

"मला का नाही सांगितलं?"

"आईलासुद्धा नव्हतं सांगितलं. मीच ओळखलं, नळी नेहमी डावीकडे लावायचे म्हणून. मग म्हणाले, तंबीला, धाकट्याला, नको सांगू, तो यावरही भाषण देईल."

खरं आहे, दिलं असतं. म्हणजे तुम्ही माझा शब्दन् शब्द ऐकत होतात. याने माझं मन निवायला हवं होतं. पण अप्पा, मला आता हेवा वाटतो तो याचा, की ते गुपित तुम्ही तिच्यापाशी ठेवलंत.

मग तिने इंजिन सुरू केलं आणि पहिल्यांदाच नळी माझ्या हातात दिली. मी ती डाव्या कानाला लावली, डोळे मिटले. नुसती फुसफुस. "मागचा जास्त ओढतोय," मी म्हणालो. ती म्हणाली, "मागचा अजून जोडलेलाच नाहीये."

हे पत्र मी देवनागरीत लिहितोय. घरात मराठी आपण सगळेच बोलायचो, पण ही अक्षरं तुम्ही फक्त मला शिकवलीत, अक्काला ती वाचता येत नाहीत. घडी करून टेबलावरच ठेवणार आहे, तिच्या नजरेला पडेल असं.