समोरून येणाऱ्यांची बाजू

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि सांगायची राहिलेली गोष्ट त्यातल्या मधल्या एका गणपतीतली आहे. मी ती कुणालाच सांगितलेली नाही. आईला माहीत आहे, कारण ती मागच्या सीटवर मूर्ती मांडीवर घेऊन बसली होती. पण तिच्याशी बोलायची सोय नाही. विषय निघाला की ती उठून गॅसवर काहीतरी चढवते.

आधी तुमच्या गाडीबद्दल. संप मिटेल, मिटेल म्हणता म्हणता मिलमधला तुमचा कापड विणायचा साचा पुन्हा सुरू झालाच नाही. चाळिशीला टेकलेले तुम्ही शेजारच्या टॅक्सीवाल्या काकांकडून गाडी शिकलात आणि परळच्या एका हॉस्पिटलात ॲम्ब्युलन्सवर लागलात. लालबागच्या आपल्या चाळीत तिच्या सायरनला कुणी सायरन म्हणत नसे, भोंगाच म्हणायचे, मिलचा असायचा तसा. एका दुपारी मी शाळेतून येत असताना तुम्ही मला रस्त्यात पाहिलंत. गाडी दुरुस्तीहून रिकामी परत चालली होती. नियमात बसत नसताना मला पुढे बसवलंत, एवढीच तुमची मला माहीत असलेली लबाडी. नाक्यावर येऊन बघतो तर सगळं ठप्प. पुढे ट्रक, त्याच्यापुढे हातगाडी, हातगाडीवर गोणी. मला भूक लागलेली. मी म्हटलं, "बाबा, भोंगा वाजवा ना, सगळे बाजूला होतील." तुम्ही मान मागे करून विचारलंत, "मागे कोण हा?" मी म्हटलं, कुणी नाही. "मगे कोणासाठी वाजवू? तुझ्या पोटासाठी?" आणि जरा वेळाने, हळू आवाजात, "एकदा खोटो वाजवलो ना गो, की खऱ्या वक्ताक कोण बाजूक होवचो नाय." पाऊण तास आपण तिथे इंजिन बंद करून बसलो. मी फुगून बाहेर बघत होते, तर तुम्ही खिशातले शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवलेत.

पुढे मला लायसन्स मिळालं तेव्हा तुम्ही पेटीतून कापडाचा एक तुकडा काढून दिलात. तुमच्या साच्यावरचा शेवटचा, पांढरा, काठ नसलेला. "काच पुसूक," म्हणालात. त्याने काच पुसायचा धीर मला कधी झाला नाही. गावी नेताना मूर्तीचं तोंड झाकायला मी तो वापरते.

त्या वर्षी गावच्या घरचा गणपती करायची पाळी आपली होती, म्हणजे तुमच्या मागे माझी. गावाहून काकांचा फोन आला. "वेळेवर आणशील मा गो? नायतर मी हयसरच एक मूर्ती सांगान ठेवतंय." बोलले प्रेमानेच, पण मला झोंबलं. मुलगा असता तर असं विचारलं असतं का? परळच्या कारखान्यातून मूर्ती घेतली, आईला मागे बसवलं आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटेच निघाले. पेणच्या पुढे नऊ वाजता गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. अख्खी मुंबई गावाला चाललेली. अकरा वाजले. समोरून येणाऱ्यांची बाजू मोकळी, पाच-दहा मिनिटांनी एखादा ट्रक. मी त्या मोकळ्या डांबराकडे बघत होते आणि कानात काकांचा फोन वाजत होता.

आई म्हणाली, "गो, रांगेत रव."

"आई, मूर्ती आहे गाडीत. कोण अडवणार आपल्याला?"

बाबा, पहिली मी होते. माझ्या पुढे कुणी घुसलं नव्हतं. मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि सुटले. आरशात बघते तर मागे एक पांढरी गाडी, तिच्यामागे आणखी, मग तर ओळच लागली. कुणीतरी खिडकीतून मोरया म्हणून ओरडलं. मला लाज वाटली नाही, मजा वाटली. दोन किलोमीटर मी पुढारीणबाई होते.

मग एक लहानसा पूल आला आणि पुलावर समोरून ॲम्ब्युलन्स. डावीकडे रांग चिकटून उभी, मागे मी आणलेली वरात, तिला जायला जागाच नाही. भोंगा वाजत होता. ड्रायव्हर तुमच्याच वयाचा, तुम्ही गाडी चालवायचात त्या वयाचा. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि भोंगा बंद केला. मी उतरून बाजूच्या काचेतून पाहिलं. आत एक म्हातारी होती, नाकाला नळी, आणि तिची हनुवटी धरून बसलेली तिची लेक. तिने मला विचारलं, "ताई, किती वेळ लागेल?" मी मागे धावले. एकेका गाडीच्या बॉनेटवर थापा मारत, हातापाया पडत, मागे घ्या, मागे घ्या म्हणत सुटले. अर्धा तास गेला, तेव्हा कुठे आम्ही सगळे मागे सरकून पुलाअलीकडे कडेच्या मातीत उतरलो. ॲम्ब्युलन्स माझ्या जवळून गेली तेव्हा ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात मोटारसायकलवरून पोलीस आला. "पहिली गाडी कोणाची?"

मी म्हणाले, "साहेब, मला मागून रेटलं ह्या लोकांनी. माझे वडील ॲम्ब्युलन्स चालवायचे. मी असं करीन का?"

हे सुचायला मला एक क्षणही लागला नाही. त्याला ते पटलं. त्याने पांढऱ्या गाडीवाल्याचं लायसन्स काढून घेतलं. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. मग पोलिसाने रांग थांबवून मला आत घेतलं, वर म्हणाला, "जावा ताई, मूर्ती आहे."

मी वेळेत पोचले. काकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली, बापाचो हात हा हो गाडीवर, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मूर्ती पाटावर ठेवली, आईने तोंडावरचं तुमचं कापड काढलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "त्येंका मधी कित्याक घेतलंस?" मी आरतीच्या वाती शोधायला आत गेले.

त्या म्हातारीचं काय झालं, मला माहीत नाही. म्हणजे मी विचारलं नाही. गाडीवर हॉस्पिटलचं नाव होतं, खाली फोन नंबर होता, पुलावर ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं. आजही आठवतं.

हा कागद मी तुमच्या कापडात गुंडाळून गाडीच्या कप्प्यात ठेवणार आहे. तुमच्या मिलच्या जागी आता टॉवर आहे, त्याच्याखाली रोज संध्याकाळी मी तासभर अडकते आणि रांग सोडत नाही. मागून भोंगा आला की सगळ्यांच्या आधी गाडी डावीकडे दाबते. तुम्हाला वाटेल, पोरगी सुधारली. पण ॲम्ब्युलन्स पुढे गेली की तिच्यामागे क्षणभर रस्ता मोकळा राहतो ना, बाबा, तेव्हा माझा पाय अजूनही आधी ॲक्सिलरेटरवरच जातो.