पणजोबांचं वळण

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. स्टेशनात पणजोबांच्या तसबिरीचं अनावरण होणार, भाषण तू करणार आणि ते आतापासून रोज वहिनीला ऐकवतोस, हे वाचून वहिनीची दया आली.

पण दादा, मला तोंड लपवावंसं वाटतंय. लोहमार्ग सरळ करायला सरकार यंदा अनुदान देतंय आणि पाहणीला मलाच पाठवलंय, आपल्याच वळणावर. सरळ वाटेत मोठा खडक होता, तो टाळायला पणजोबांनी रूळ वळवले, असं आपण जगभर सांगत आलो. इथे खडक नाही. भोकं पाडली तिथे नुसती मऊ माती. त्या काळी सरकार ठेकेदाराला मैलामागे पैसे देई. पणजोबांनी मैल वाढवले, एवढंच. सरकारने आधी वाकडं करायला पैसे दिले, आता सरळ करायला देतंय. गाडीत मैत्रिणींना मी हे वळण केवढ्या तोऱ्यात दाखवायचे!

लोभ आहेच, हे वाचल्यावरही राहू दे.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चार बुकं शिकलीस म्हणून थेट पणजोबांनाच चोर ठरवलंस? खडक खोल असेल. अहवालात तसं लिही, म्हणजे वळणही राहील आणि घराण्याचं नावही. मोठा भाऊ म्हणून एवढं मागतो. वहिनीने हे वाचलंय आणि सकाळपासून माझ्याशी अबोला धरलाय.

उन्हात टोपी घालत जा.

तुझा दादा

१३ मार्च

ती. दादास,
सा. न.

नाही लिहिणार. तूच येऊन खण.

धाकटी

२२ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तू सुट्टीवर गेलीस तेव्हा कुदळ घेऊन वळणावर गेलो होतो. दुपारभर खणलं. एकदा तरी दगडाचा आवाज यावा म्हणून जीव टांगणीला लागला होता. आला नाही. तुझ्याकडे खोटं मागितलं, याची फार लाज वाटते.

काल अनावरणाला तसबिरीवरचा पडदा काढलाच नाही. खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, लोक तोंडात बोटं घालतील. तर म्हातारे स्टेशनमास्तर उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की हे गावात सगळ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. तुमच्या घरच्यांसमोर तेवढा विषय काढायचा नाही, असं इथे पोरांना लहानपणीच बजावतात.

धाकटे, आपण वळणाची गोष्ट सांगायचो तेव्हा सगळे किती मन लावून ऐकायचे, आठवतंय ना?

माया पातळ करू नकोस.

तुझा दादा