रुचिकाचा खेळ आणि माझी जागा

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

धर्मापुरी,
सोमवार, दुकान बंदचा दिवस

तीर्थस्वरूप सौ. शांताअक्का हिच्या पायाशी, धाकट्या चन्नप्पाचा दोन्ही हात जोडून शरणार्थ.

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? मागं पाठवलेलं तेल तू गुडघ्यालाच लावतेस की केदारनाथ भाऊजी डोक्याला लावतात, ते कळव. (दिवाळीला भेटले तेव्हा त्यांच्या टकलाला गुडघ्याच्या तेलाचा वास येत होता. मी काही बोललो नाही, पाहुणे माणूस.) आता फोन सोडून पत्र कावून, असं तू विचारशील. तर फोनवर बोलायला लागलो की महानंदा शेजारी उभी राहते आणि मी सांगतो त्यात दुरुस्त्या करते. आज ती हळदीकुंकवाला गेली आहे, तेवढ्यात लिहून घेतो.

रेणापूरच्या लग्नात तुझ्या कानावर आलं म्हणे, की सोलापुरात पोरीच्या मॅचच्या वेळी पोलिसांनी चन्नप्पाला उचललं. अक्का, लग्नातल्या पंगतीत माणसं जिलबीबरोबर काहीही गिळतात. पोलीस नव्हतेच तिथं. काय घडलं ते मी तुला पहिल्यापासून सांगतो. म्हणजे आपल्या रुचिकाचं कौतुकही होईल आणि माझी अब्रूही जागेवर राहील.

पहिल्यापासून म्हणजे रुचिका आठ वर्षांची होती तेव्हापासून. शाळेत बबनराव नावाचे खेळाचे मास्तर बदलून आले. त्यांना खो-खो शिकवायला आणलं होतं, पण या माणसानं तरुणपणी टेनिस खेळलेलं, आणि ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर ती बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे ना, जिच्या सिमेंटच्या अंगणात लोक सोयाबीन वाळत घालतात, तिथं त्यांनी चुन्यानं पट्टे मारले. मग माझ्या दुकानात आले आणि शेडनेट मागितलं, बारा मीटर. मी विचारलं, "टमाट्याला का मिरचीला?" तर म्हणाले, "पोरींना." मी माप करून दिलं. चार दिवसांनी बघतो तर ते हिरवं शेडनेट अंगणाच्या मधोमध कमरेएवढं बांधलेलं, आणि अलीकडं आपली रुचिका, स्वतःपेक्षा मोठी रॅकेट घेऊन उभी. मी वर्षभर त्याला बॅडमिंटनच समजत होतो. फूल कुठं दिसत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अप्पा, फूल ते येगळं. ह्यो बॉल हाय."

खेळ चांगला आहे, पण हिशेब कच्चा. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस. मी बबनरावांना म्हटलं, तीसनंतर पंचेचाळीस यायला पाहिजे, मधले पाच कुणी खाल्ले? वर शून्याला म्हणे 'लव्ह' म्हणतात. ते मी कडक बंद करायला लावलं. त्यामुळं आपल्या जिनिंगमध्ये "शून्य-पंधरा, शून्य-तीस" असंच चालायचं, आणि पुढं सोलापूरला गेल्यावर पोरगी "शून्य" ओरडली तर सगळे हसले. पण त्या अंगणाचा एक उपकार आहे. मधोमध सिमेंटला आडवी भेग गेलेली. चेंडू तिथं पडला की कुठंही उडायचा, कधी कानाला, कधी कंपाऊंडबाहेर. म्हणून रुचिकाला सवयच लागली, की चेंडू टप्पा घेऊन पुरता उठायच्या आतच हाणायचा. सोलापूरचे कोच म्हणाले, हे शिकवायला आम्हाला चार वर्षं लागतात. (भेगेचं मी सांगितलं नाही. म्हटलं, आमच्या घराण्यातच आहे ते.)

आता एक गोष्ट मला सांगावीच लागेल, कारण त्या वेळी तू मला जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. दहावीच्या वर्षी ती लागोपाठ तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरली. मी म्हटलं, बास. अभ्यास कर. आणि रॅकेट काढून घेतली. घरात लपवली तर सापडेल, म्हणून दुकानात टांगली, डास मारायच्या बॅटी लटकवतो ना, त्यांच्या ओळीत. माल मालात मिसळतो. कुणाला शंका येणार नाही असं वाटलं. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, नेमकी तीच काढून हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणालं, "हिला चार्जिंग कुठून करायची?" मी काही म्हणायच्या आत मागून रुचिकाचा आवाज. शाळेतून कधी आली कुणास ठाऊक. "काका, ती माझी हाय. तिला चार्जिंग लागत न्हाई." रॅकेट घेतली आणि जिनिंगकडं निघून गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अक्का, ती रडली असती, भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं. मी त्या गिऱ्हाइकाला बॅट दाखवायची विसरून नुसता तराजूला हात लावून उभा राहिलो. संध्याकाळी मीच महानंदाला म्हटलं, परीक्षा झाली की तू हिला घेऊन सोलापूरला राहा. मी इथं माझं माझं बघतो.

माझं माझं म्हणजे पिठलं. महानंदा परत येईपर्यंत चार वर्षं पिठलं. तेवढ्या काळात रुचिकानं बारावी केली, उंची वाढवली, आणि व्यावसायिक खेळाडू झाली. याचा अर्थ इतकाच की आता ती मोठ्या मोठ्या गावांत जाऊन हरू लागली. तीन देश पाहून आली आणि तिन्हीकडं पहिल्या फेरीत घरी. फोन यायचा, "अप्पा, हरले. पण दुसरा सेट सात-पाच झालता." मी दुकानात सांगायचो, "रुचिकाची मॅच झाली. सात-पाच!" कुणाचे सात ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जगाच्या यादीत तिचा नंबर आठशेच्या आसपास होता. लोक म्हणायचे, आठशेवी? मी म्हणायचो, अरे, आपल्या तालुक्याच्या यादीत तरी तू आठशेवा आहेस का बे?

आणि मग सोलापूरची स्पर्धा आली. पात्रता फेरीचे दोन सामने जिंकून पोरगी मुख्य फेरीत गेली, तिथं आणखी दोन जिंकली. उपांत्यपूर्व फेरीत समोर दुसरं मानांकन मिळालेली परदेशी पोरगी. नाव मला लिहिता येत नाही, शेवटी 'ओवा' आहे एवढं खरं. उंची आपल्या दुकानाच्या शटरएवढी. मला राहवलं नाही. बबनरावांना घेतलं (ते आता निवृत्त झालेत, त्यांना कुठंही न्या) आणि सोलापूर गाठलं.

तिथं बसायला चांगल्या खुर्च्या आहेत. जोंधळ्याच्या शेतात पाखरं राखायला मचाण घालतात, तसल्या उंच खुर्चीवर पंच बसतो, आणि पाखरांऐवजी माणसांना गप्प करतो. मी फक्त एकदा "हाण की!" म्हणालो, तर त्यानं माईकवरून सांगितलं, शांतता राखा. मला सन्मान वाटला. मी हात वर केला. पहिला सेट रुचिका सहा-तीन हरली. दुसऱ्यात चार-चार झाले, आणि परदेशी पोरीच्या सर्व्हिसवर तीस-चाळीस. हा एक पॉइंट मिळाला की बाजी पलटणार. तिची पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. दुसरीसाठी तिनं चेंडू वर फेकला, आणि नेमका त्याच वेळी प्रेक्षकांतल्या कुणाचा तरी फोन वाजला. देवळातल्या घंटेचा आवाज, तोही मोठ्ठा. (लोकांना काही शिस्तच राहिली नाही.) पोरीचा हात हलला, सर्व्हिस बाहेर गेली. म्हणजे पॉइंट आपला! बबनराव उठून उभे राहिले. आणि आपली रुचिका काय करते? हात वर करून पंचाला म्हणते, हा पॉइंट मला नको, पहिल्या सर्व्हिसपासून परत घेऊ द्या. पंचानं घेऊ दिला. पुढचा पॉइंट हरली. तो गेमही हरली. चार-पाच. आणखी एक गेम गेला की मॅच संपली.

मला तिथं फार कोंदल्यासारखं झालं. उघड्या मैदानात कोंदतं कसं ते विचारू नकोस. मी आपण होऊन, शांतपणे, बाहेर गेलो. निळ्या कपड्यातला एक भला माणूस मला वाट दाखवायला बरोबर आला होता, तेवढ्यावरून लोकांनी पोलीस केले.

बाहेर भिंतीला टेकून केसरबाई नावाची बाई भाजलेल्या शेंगा विकत बसली होती. मला बघून म्हणाली, "आत जागा न्हाई का?" मी म्हटलं, "जागा हाय, बसणाराच भाईर आलाय." तिला कळलं असावं, तिनं गोणपाट सरकवलं. मी बसलो. आतून नुसता आवाज. ठप, ठॉक, ठप, ठॉक. मी म्हटलं, "कोण जिंकतंय काय कळंना." तर म्हणाली, "मी सात वर्षं हितं बसते, दादा. भिंतीला कान लावा. कवळी, बारीक टाळी पडली की परदेशी पोरीचा पॉइंट. शिट्टीसंगं पडली की आपल्या पोरीचा." मग आम्ही दोघं कान लावून बसलो. शिट्टी. कवळी. शिट्टी. शिट्टी. मध्येच एक चेंडू असा वाजला की केसरबाई दचकली. म्हणाली, "ही कोण पोरगी? लई लवकर मारती. हिचा ठप अन् ठॉक एकच हाय." अक्का, त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं मी पोरीचा खेळ बघितला, पण ऐकला त्या दिवशी पहिल्यांदा. "माझी हाय," म्हटलं. तिनं ओंजळभर शेंगा माझ्यापुढं ठेवल्या आणि सोलून खायला लावल्या.

दुसरा सेट रुचिकानं सात-पाच घेतला (या वेळी सात आपले), तिसरा सहा-चार. नंतरचे दोन्ही सामनेही मी त्याच गोणपाटावर बसून ऐकले, कारण बबनराव म्हणाले, तुम्ही बाहेर बसलात की पोरगी जिंकते, शकुन मोडू नका. आणि अक्का, ती स्पर्धाच जिंकली! नंबर आठशेवरून एकदम साडेपाचशेच्या आत. गावात सरपंच सुंदररावांनी सत्कार ठेवला. फलकावर 'टेबल टेनिसपटू' लिहिलं होतं, भाषण क्रिकेटवर झालं, आणि भेट म्हणून बॅडमिंटनची रॅकेट दिली. रुचिकानं सगळं हसून घेतलं. म्हणाली, "अप्पा, तुमाला कळायला पण वर्ष लागलंतं."

असो. भाऊजींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद. नातवाच्या पायाचं माप कळव, बूट घ्यायचेत.

तुझा,
चन्नप्पा

ता.क. वरचं सगळं खरं आहे, फक्त तो फोन माझा होता. आणि केला होतास तू. तेल संपलं म्हणून.

ता.क. दुसरा. मी आपण होऊन बाहेर गेलो हेही तितकंसं खरं नाही. पॉइंट परत दिल्यावर रुचिकानं पंचाला आणखी एक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, तिसऱ्या ओळीतले ते पांढऱ्या टोपीवाले माझे वडील आहेत, त्यांना कृपा करून बाहेर न्या. निळ्या कपड्यातल्या माणसानं माझं कोपर धरलं होतं. शकुनाचं बबनराव बोलले ते मला बरं वाटावं म्हणून. खरं म्हणजे उरलेल्या दोन सामन्यांना तिनं मला बंदीच घातली होती. रागानं नव्हे. मॅच झाल्यावर भिंतीमागं आली, माझ्या शेजारी गोणपाटावर बसली आणि म्हणाली, "अप्पा, तुमी दिसलात की मी परत आठ वर्षांची हुते. अन् आठ वर्षांच्या पोरीला दुसरी सर्व्हिस येत न्हाई."

ता.क. तिसरा. आता कामाचं. पुढच्या महिन्यात पुण्यात याच्याहून मोठी स्पर्धा आहे. मी लई हातापाया पडलो, तेव्हा तिनं एक अट घातली: शांताआत्या शेजारी बसणार असेल तरच या. उभ्या जगात फक्त तुझ्यासमोर माझं तोंड बंद राहतं, असं तिचं म्हणणं. (महानंदाचंही.) तुझ्या वतीनं मी हो सांगून टाकलंय. बारा तारखेला सकाळी सातला लातूर-पुणे बसच्या दोन जागा काढल्यात, खिडकी तुझी. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, पुण्यातल्या पायऱ्या मी मोजून घेतल्यात, नऊच आहेत. गप्प बसायचा सराव मी परवापासून घरी सुरू केलाय. काल दुपारी महानंदानं कपाळाला हात लावून बघितला आणि डॉक्टरला बोलावलं.